खापराची गाडी पास झाली नाही

आमचं गाव पारोळ्याकडचं, बोरी नदीच्या काठाला, पण तिथलं जास्त विचारू नका ताई, मिसरूड फुटायच्या आत मामानं मला सुरतला आणलं आणि नवागामच्या लूमच्या खात्यात उभं केलं, खातं म्हणजे कारखाना, इथं सगळे खातंच बोलतात. तेव्हापासून खटखट खटखट जी कानात बसली ती बसलीच, म्हणून मी जोरात बोलतो, भांडतोय असं समजू नका. नाव धोंडू पाटील. सारी उमर लूमवर गेली, मग शेठनं जुने लूम मोडीत काढले आणि पाण्यावर चालणारी नवी मशीनं आणली, मला बोलला, काका, हवे आराम करो, म्हणजे आता आराम करा. आराम! गरिबाला आराम सांगायला लोकांच्या बापाचं काय जातं?

तेव्हा घर सुमननं धरलं. सुमन म्हणजे माझी बायको, ती मांडे करते. तुम्ही तिकडच्या, तुम्ही पुरणपोळी खाता, पण मांडा वेगळा, काय सांगू तुम्हाला, खापर असतं मातीचं, ते चुलीवर पालथं घालायचं, खालून लाकडाचा जाळ, आणि ही बाई तो मांडा दोन्ही हातांवर फिरवते, फिरवते, कोपरापर्यंत येतो तेव्हा खापरावर टाकते, एवढा पातळ की हवा लागली तरी फाटेल, पण फाटत नाही. सुरतमध्ये आपले खान्देशी काय कमी आहेत का, कोणाचा साखरपुडा, कोणाची वास्तुशांत, बोलवा सुमनबाईला. आता खापर काही पिशवीत घालून नेता येत नाही. रिक्षात नेलं, खड्ड्यात आपटलं, तडकलं, भर साखरपुड्याच्या दिवशी. दुसऱ्याच्या लग्नघरी माझी बायको भिंतीकडे तोंड करून रडली. त्यावर मी डिंडोलीतल्या एका मास्तरांची जुनी व्हॅन घेतली.

मागचं सीट काढलं, गोधड्या टाकल्या, त्यावर खापरं, बाजूला लाकडं, परात, पुरणाचा डबा आणि पुढं माझ्याजवळ सुमन. सचिन गावापासून पार कामरेजपर्यंत फिरलो, एक खापर तडकलं नाही. मी लूमवाला माणूस, मशीनचा जीव ओळखतो, असं मला वाटायचं. ती गाडीत बसली की तिचा आवाजच बदलायचा, ह्याला हाक मार, त्याला हाक मार, आखो रस्ता, सगळी वाट बोलत जायची. ते दिवस बरे होते.

मग गाडीला पंधरा वर्षं झाली. पंधरा झाली की कागद संपतात, परत पास करून आणा, नाही तर रस्त्यावर आणू नका. आधी चौकातला पोलीस ओळखीचा होता, मांडा खाल्लेला, सोडायचा, पण नंतर तोच बोलला, काका, आता वर कॅमेरे बसलेत, माझ्या हातात काही नाही राहिलं. गेलो मग धूर तपासायला. सायलेन्सरात नळी घातली, पोरगा मशीनकडे बघतो आणि मान हलवतो, बहु धुमाडो छे काका, नै चाले. बाजूला बस उभी, काळा धूर सोडते आहे, तिला कोणी विचारत नाही, मी बोललो, हिला पण घाल की नळी, तर बोलतो, काका, तुमची गाडी घेऊन जा.

सलीम मेस्त्रीकडे नेली. भला माणूस. प्लग बदलले, फिल्टर बदलला, काय काय खोललं, आणि मग त्याच धूरवाल्या पोराकडे परत नळी लावली तर पास! धुराचा कागद हातात! आता दुसऱ्या दिवशी मोठ्या सेंटरवर फिटनेस, तिथं ब्रेक, लाईट, परत धूर, सगळं मशीनच बघतं. सलीम बोलला, चाचा, बस, अब इसको हाथ मत लगाना, सीधा ले जाना.

हात नको लावू बोलला आणि मी लावला, ताई. काय आहे, आमच्या खात्यात रीत होती, माल बघायला व्यापारी येणार असला की आदल्या दिवशी लूमला पोटभर तेल द्यायचं, सुका लूम कुरकुरतो, धागा तोडतो, शेठची लाज जाते. हात तेच शिकलेले. मला वाटलं, एवढ्या मोठ्या परीक्षेला निघाली गाडी, उपाशी कशी पाठवू? ऑइलचा डबा आणला आणि इंजिनात तोंडापर्यंत भरला. सुमन हळदकुंकू घेऊन उभी, ती बोलली, इतलं लागस का हो? मी बोललो, तू तुनं पुरण देख.

सेंटरवर लाईन होती. आमचा नंबर आला, तिथल्या माणसानं रेस दिली, आणि अरे देवा, निळा धूर, नुसता निळा, लोक तोंडाला रुमाल लावून पळाले, कोणी शिव्या दिल्या. तो माणूस उतरला, इंजिनातली तेल मोजायची काडी काढून बघितली, आणि हसला. काका, गाडीने घी पिवडाव्युं? गाडीला तूप पाजलं का, असं. नापास. ताई, मी गाडी तशीच सलीमकडे वळवली.

सलीमनं डोकं धरलं. तेल काढलं, धुतलं, पण धूर काही जाईना. इंजिन म्हातारं होतं, कसंतरी दम धरून होतं, जास्तीच्या तेलानं सीलं गेली, रिंगा आधीच गेलेल्या. इंजिन उघडावं लागेल आणि त्याचे पार्ट आता मिळत नाहीत. परत एकदा नेली, परत नापास. सलीम बोलला, चाचा, छोड दो. टेम्पो करून बघितला आम्ही, जे हातात यायचं ते टेम्पोवालाच घेऊन जायचा, आणि लोकांनाही आता हॉलवाला गॅसवरच्या पोळ्या देतो, त्याला कोणी नावं ठेवत नाही. कोणाला दोष देऊ? धूर वाईटच, माझा मामा छातीत धूर भरूनच गेला, मला काय कळत नाही का? पण माझ्या गाडीशिवाय या सुरतेत धूर कुठं दिसतच नाही का कोणाला?

आता ती दारात उभी आहे, टायर बसलेत, सोसायटीवाले बोलतात उचला. भंगारवाला येतो, मी उद्या ये सांगतो. सुमन पोरांच्या एका मेसमध्ये चपात्या लाटते, चालत जाते. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो.

आत्ता परवा फोन आला, सचिनहून, आपल्याच लोकांचा, पोरीच्या हळदीला मांडे पाहिजेत. आधी असा फोन आला की ती बोलताबोलता माझ्याकडे बघायची, गाडी मोकळी आहे का, आणि मी मान हलवायचो, आहे. परवा ती बोलली, नही भाऊ, आम्ही बंद करं. मी समोरच बसलो होतो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

चला, चहा घ्या. तुमच्या हातापायाला देव बळ देवो, चालतं ते चालत राहो, एवढंच.