उभ्या उभ्या झालेला गोल

आमचं गाव पळसदरीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. खाली भात, वर माळावर नाचणी, आणि भात घरात आलं की गावातले बाप्ये माथेरान चढायचे, कुणी घोड्यामागं धावायला, कुणी हातरिक्षा ओढायला. मिसरूड फुटलं तसा मीबी चढलो. लोक सांगतात बगळ्या फुटबॉल माथेरानला शिकला, पण आता तुमी लिहून घ्यायला आलाय म्हणून खरं सांगतो, शिकलो कसला, तो मला आळसापायी आला. सायबांची पोरं उन्हाळ्यात वर यायची, मैदानात बॉल खेळायची, आणि बॉल घरंगळत दरीकडं गेला की आमा रिक्षावाल्यांच्या तोंडाकडं बघायची. मी उतरायचो, कारवीत अडकलेला बॉल काढायचो, आणि तो काखेत मारून परत चढायचं जिवावर यायचं, म्हणून खालूनच पायानं उडवायचो वर. पयल्यानं माज्याच डोक्यावर यायचा. मग जायला लागला. पायाला असं वळण पडलं की मी मारला की बॉल वरच जाणार, दुसरी वाट त्याला ठाऊकच नाय. हे वळण ध्यानात ठेवा, पुढं माजी लाज त्यानंच काढली.

एका सायबानं हे बघितलं. खाली कर्जत-खोपोलीच्या वाटेवर त्याचा बॉबिनचा कारखाना. मुंबईच्या गिरण्यांत सूत गुंडाळायला लाकडाच्या बॉबिन लागतात ना, त्या तिथं व्हायच्या, आमच्याच रानातलं लाकूड. सायेब म्हणाला चल, तुला नोकरी देतो, बॉल मारायचा. मी म्हटलं आणिक काय करायचं, तर म्हणाला आणिक काय नाय. घरी येऊन बाला सांगितलं, बा भात झोडत होता, तो थांबला, म्हणाला लाथा मारायचा पगार देतो? मग आपला बैल काय वाईट होता रं.

लग्न ठरायच्या वेळी तर बा कुठं तोंड लपवू असा झाला. सासऱ्यानं विचारलं, पोरगा कारखान्यात हाय म्हणता, कोणत्या खात्यात? बा सुपारी फोडायला लागला. तवा हिचा थोरला भाऊ गोविंदा, तो त्याच कारखान्यात, तो म्हणाला, पायाच्या खात्यात हाय, चांगलं खातं हाय, द्या पोरगी. गोविंदा असा. तो आमच्या टीमचा गोलकीपर, पण त्याला नोकरी खेळायची नव्हती, तो दिवसभर भुशाच्या खात्यात उभा, आणि संध्याकाळी सायबाच्या हुकमानं गोलात उभा.

आता भुशाचं खातं म्हंजे काय ते सांगतो. लेथवर लाकूड फिरतं आणि भुसा उडतो, बारीक, पिठासारखा, आणि त्या खात्याला खिडकी नव्हती. वारा आला तर भुसा लेथमध्ये जातो म्हणून सायबानं ठेवलीच नव्हती. माणसं आत काळी जायची आणि बाहेर पिवळी यायची, पापण्यांवर भुसा, आणि खोकला. आणि मी? मी सकाळी नावाला एक लेथ पुसायचो, मग सायबाच्या बंगल्यामागं जायचो, तिथं बटलर मला पेलाभर दूध द्यायचा, सायीसकट, पाय मजबूत व्हायला. दूध पिऊन मिशी पुसत मी गेटातनं यायचो, आणि तीच भुशाच्या खात्याची जेवायची सुटी. गोविंदा खोकत खोकत विचारायचा, काय रं दाजी, आज साय जाड होती का? सगळे हसायचे. मीबी हसायचो. पण घास उतरत नव्हता माज्या गळ्याखाली, आणि दुसऱ्या दिवशी दूध मात्र जायचं, ह्याची लाज जास्ती.

आणि माजा खेळ तरी कसला. मी धावायचो नाय. समोरच्यांचा शेवटचा बॅक जिथं असंल त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचो, कमरेवर हात, एका पायावर भार. खाचरात बगळा कसा उभा असतो, झोपलाय का मेलाय कळत नाय, आणि मग एकदम चोच. तसं. बॉल आला की एकच लाथ, बॉल वर, आडव्या दांडीच्या जरा खालनं आत, की पुन्हा उभा. म्हणून बगळा नाव पडलं. सायबानं बूट दिले विलायती, त्यात पाय घातला तर पाय कुणाचा दुसऱ्याचाच वाटायला लागला, ते बूट हिनं कोंबड्यांना बसायला दिले, एका बुटात एक कोंबडी, अंडीबी दिली त्यांनी. बुटांनी माज्यापेक्षा जास्ती काम केलं बघा.

लढाई संपली आणि सगळीकडं संप व्हायला लागले, रेल्वेत, गिरण्यांत, तशी आमच्यातबी युनियन निघाली. मागणं काय मोठं नव्हतं. भुशाच्या खात्याला खिडक्या पाडा आणि छातीतला भुसा उतरायला रोज गूळ द्या. सायेब म्हणाला खिडक्या नाय, गूळ नाय, आणि गेट बंद केलं. सगळे बाहेर. फक्त टीमला आत घेतलं, कारण कर्जतला नदीकाठच्या मैदानात रेल्वेच्या लोकोवाल्यांशी, म्हंजे इंजिनाच्या शेडातल्या कामगारांशी, कपाची मॅच होती आणि मुंबईचे पाव्हणे यायचे होते. गोविंदालाबी आत घेतलं, गोलात कोण उभं राहणार म्हणून. म्हंजे गेटाच्या ह्या बाजूला माणसं उपाशी बसलेली आणि त्यांच्यातनं वाट काढत मी दूध प्यायला आत चाललोय. त्यांनी पाय आखडून मला वाट दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी गेटासमोर आंब्याखाली बैठक होती, तिथं मी गेलो आणि जन्मात पयल्यांदा चारचौघांत बोललो. म्हटलं, टीमबी संपात हाय. आमी मॅचला जातो, पाव्हण्यांसमोर मैदानात उतरतो, आणि बॉलला पाय लावत नाय. नुसतं उभं राहतो. सायबाची अब्रू जाईल मुंबईपर्यंत. मग लाकडं रचणारी धोंडाबाई, वयानं सगळ्यांत मोठी, ती म्हणाली, अरं बगळ्या, तू तर रोजच उभा असतोस, त्यात संप कोणता? एवढे हसले सगळे, एवढे हसले. पण गोविंदानं हात वर केला, म्हणाला ठरलं. आणि मला उरात असं मोकळं वाटलं. म्हटलं, सायबाचा माणूस, सायबाचा माणूस म्हणतात, आता दिसंल कुणाचा हाय ते.

मॅचच्या दिवशी सगळं कर्जत लोटलं. पाव्हणे खुर्च्यांवर, मडमांच्या छत्र्या, आणि दोराच्या पलीकडं आमची माणसं. रेफरीनं, तो रेल्वेतला गार्डच होता, शिट्टी मारली आणि आमची टीम उभी राहिली. हाफबॅक उभे, विंगवाले उभे, गोविंदा गोलात हाताची घडी घालून उभा. लोकोवाल्यांना आधी कळेना. मग कळलं, तेबी कामगारच, खांब रोवल्यासारखी उभी माणसं बघून ते गोंधळले, गोल कसा मारायचा असल्या माणसांवर, म्हणून बॉल आपसांतच ह्याच्याकडनं त्याच्याकडं द्यायला लागले. दोराच्या पलीकडनं धोंडाबाई ओरडली, शाब्बास रं माज्या लेकरांनो. पाव्हणे सायबाकडं बघायला लागले, सायबाचं तोंड टमाट्यागत झालं. सगळं ठरल्यापरमानं चाललं होतं.

फक्त माज्याकडं कुणी बघत नव्हतं. मी संपात हाय हे कुणाला दिसणार कसं? मी रोजच्यासारखाच उभा, कमरेवर हात, लोकोवाल्यांच्या बॅकच्या शेजारी. उलटं मी पाव्हण्यांतल्या एका देशी बाबूला बोलताना ऐकलं, तो बगळा बघा, आता मारील. सायेबबी माज्याकडंच आशेनं बघत होता. मी हात कमरेवरनं काढून खाली सोडले, संप दिसावा म्हणून. मग मागं बांधले. तरी बाबू म्हणतो, आता मारील.

आणि लोकोवाल्यांनी काय सुचेना म्हणून बॉल मागं आपल्या गोलकीपरला दिला, त्यालाबी काय सुचेना, त्यानं तो सहज पुढं ढकलला, आणि बॉल टप्पे खात सरळ माज्याकडं आला. मी बघतोय. मनात म्हणतोय, जाऊ दे, बगळ्या, जाऊ दे. देवाशपथ सांगतो, मनात हे चाललं होतं आणि पाय गेला. माज्या हुकमाविना गेला. बॉल वर, दांडीच्या जरा खालनं, आत.

सायबानं टोपी आभाळात उडवली. मडमा टाळ्या वाजवतायत. आणि दोराच्या पलीकडं आमची माणसं खाली मातीकडं बघायला लागली. मी वळून बघितलं, आमची टीम तशीच उभी, ठरल्यापरमानं, आणि गोविंदा लांब, पार त्या टोकाला, घडी घालून, माज्याकडं बघतोय. त्यानं घडी सोडली नाय, ते मला जास्ती लागलं.

मग मी काय केलं ते आमच्या पोरांना तोंडपाठ हाय, जेवताना म्हणून दाखवतात. लोकोवाल्यांनी मधनं बॉल सुरू केला, मी तो त्यांच्या पायातनं घेतला आणि धावलो. बगळा धावला! उभ्या जन्मात जो धावला नाय तो धोतराचा काचा सुटल्यागत धावला, उलट्या बाजूला, आपल्याच गोलाकडं. म्हटलं इकडंबी एक मारतो, फिटंल, संप पुन्हा सरळ होईल. आमची माणसं उभी होती त्यांच्यामधनं मी चाललोय, सगळं कर्जत ओरडतंय, कुणी हसतोय, धाप लागलीय, तोंडाला फेस, गोलापाशी पोचलो. समोर गोविंदा. तो हलणार नाय, त्याचा संप हाय. म्हणाला, मार रं दाजी. आणि मी मारला. आणि तो वर गेला. दरीतनं वर जायचा तसा. दांडीवरनं, लोकांवरनं, काठावरच्या करंजावरनं, आणि उल्हास नदीत. लढाईनंतरच्या टंचाईत चामड्याचा दुसरा बॉल कुठला? तो आपला डुलत डुलत नेरळकडं निघाला. रेफरीनं नदीकडं बघितलं आणि शिट्टी मारली. मॅच आमी जिंकलो होतो.

कप मलाच घ्यावा लागला. सायबानं पाव्हण्यांना सांगितलं की आनंदानं ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला. तो कप घेऊन मी आणि टीम चालत कारखान्याच्या गेटाशी आलो, पोटाशी धरलेला, कुठं लपवता येईना एवढा मोठा. गेटासमोर सगळे आमच्या आधी येऊन बसलेले. मी उभा. धोंडाबाईनं वर बघितलं, म्हणाली, भांडं बरं हाय, ठेव त्या माठापाशी, पाणी प्यायला होईल.

ठेवला. आणि संप होता तोवर सगळ्यांनी त्या कपानं पाणी प्यायलं. सायबाचा पट्टेवाला न्यायला आला, सायबाला कचेरीत मांडायचा होता, तर धोंडाबाई म्हणाली, खिडक्या पाड म्हणावं, मग देतो, तोवर आमाला तहान हाय. पट्टेवाला रोज यायचा, रोज पाणी पिऊन परत जायचा, त्याच कपानं. मुंबईचे पाव्हणे कपाची चौकशी करतात म्हणून सायबाचा जीव टांगणीला. मधल्या वेळात बॉबिनच्या ऑर्डरीबी तुंबल्या. शेवटी सायबानं गूळ कबूल केला, आणि भुशाच्या खात्याला नदीच्या बाजूनं दोन खिडक्या पाडल्या. कप आत गेला, माणसं आत गेली. मी तेवढा बाहेर राहिलो. सायेब येडा नव्हता, मी कुठं आणि कशाला धावलो ते त्याला चांगलं कळलं होतं.

आता स्वराज्य आलं, सायेब विलायतेला गेला. झेंड्याच्या दिवशी गावातल्या पुढाऱ्यांनी मला हार घालायचा घाट घातला, म्हणे कामगारांचा लढवय्या, ह्यानं गोल मारला म्हणून खिडक्या झाल्या. मी गोठ्यात जाऊन लपलो. ही म्हणते, घ्यायचा होता हार, म्हशीला झाला असता. पण कसा घेऊ सांगा तुमी? जे करायचं म्हटलं ते पायानं केलं नाय, जे पायानं केलं ते मी म्हटलं नव्हतं, आणि हार मात्र माज्या गळ्यात. आणि खिडक्या झाल्या तोवर गोविंदाची छाती खराब व्हायची ती होऊन गेली होती. तो आता घरीच असतो, शेजारच्या आळीत. हा आता ऐकू आला ना, तो त्याचाच खोकला.

भात आणि म्हैस, एवढ्यावर चाललंय आमचं. सकाळी धार काढली की पयला पेला मी गोविंदाकडं नेतो. तो साय बोटानं उचलून बघतो, म्हणतो, आज जाड हाय, दाजी. पितो सगळं. मी तोवर उंबऱ्यात उभा असतो, तर म्हणतो, बस की रं, तुझा संप मिटला कवाच.

लिहा तुमी काय लिहायचं ते, तुमचं चांगलं होवो, फक्त मी धावलो ते थोडक्यात लिहा. आणि चहा घेतल्याबिगर उठू नका. ही आणतीय बघा. तो दुधाचा तुमचा. कोरा हाय तो माजा.