चहा थंडा व्हायले किती मिनिटं?

...अन् वरतून म्हणतात, गणित विचार करून सोडव! आता मी विचार करूनच सोडवलं अन् त्याच्यातच नापास झालो, तं तक्रार कोणापाशी करू, तुमीच सांगा. मी प्रेमानंद. गाव मोताळ्याच्या पल्याड, कॉलेज मलकापूरले, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, अन् दुसऱ्या वर्षाचा अप्लाइड मॅथ्स नावाचा एक विषय अजून माह्या मानेवर बसून आहे. उन्हाळी परीक्षेत तो निघाला तं शेवटच्या वर्षाले ॲडमिशन, नाही निघाला तं वर्षभर घरी. अन् घरी कोण? घरी आमचे बाबा, किसनराव. त्याइनं सगळ्या गावाले सांगून ठेवलं का पोरगा येत्या साली इंजिनिअर. म्हणून मी अभ्यास केला हो, जीव तोडून केला. मंग याच्यात माहं काय चुकलं?

तुमाले सांगतो, अप्लाइड मॅथ्स सोडवाची एक पद्धत असते. ते पुस्तकात नाही, होस्टेलात भेटते. माह्या रूमवरच्या सागरनं मले शिकवली, अन् तो माह्याहून मांगं, दुसऱ्याच वर्षाले. गणित पूर्ण वाचाचं नाही. पूर्ण वाचलं का माणूस गोंधळते. पहिले टाईप ओळखाचा. टाकी दिसली, हे सूत्र. चहा दिसला, ते सूत्र. मंग आकड्याले गोल करा, सूत्रात टाका, अन् पुस्तकाच्या मांगं उत्तर असन तं वरून चार स्टेपा उतरा, खालून चार स्टेपा चढा, अन् मधात जिथं गाठ पडत नाही तिथं लिहून टाका, 'सोडवल्यावर'. काय सोडवल्यावर? कोणी सोडवल्यावर? ते तपासणाऱ्यानं पाहावं, त्याले पगार आहे. या पद्धतीनं सागरचा एकही विषय राह्यला नाही. माहा एकच राह्यला, कारण मी मधात मधात वाचत होतो.

बरं चाललं होतं. तेवढ्यात एप्रिलच्या शेवटी पुण्याहून योगिनी मॅडम आल्या. त्याइचा पीएचडीचा विषय काय, तं कॉलेजचे पोरं गणित सोडवताना डोक्यात काय करतात! आता पोराइच्या डोक्यात पाहाले पुण्याहून मलकापूर... अन् आमच्या सरांनी त्याइच्यासमोर कोणाले बसवावं? मले. बाकीच्या पोराइनं काही केलं नव्हतं का?

मॅडमनं मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं अन् गोड आवाजात म्हणल्या, 'प्रेमानंद, सोडवताना मनात जे येईल ते मोठ्यानं बोलायचं, हं? काही लपवायचं नाही.' आता मनात काय येईन? लाईट गेलेली, पंखा बंद, बाहेर चव्वेचाळीस, शर्ट पाठीले चिकटलेला. मी म्हटलं, मॅडम, लय गरम होऊन राह्यलं. त्याइनं ते बी लिहून घेतलं.

गणित असं. चहा नव्वद अंशावर. खोली चव्वेचाळीस अंशावर. दहा मिनिटात चहा सदुसष्टवर आला, तं चाळीसवर केव्हा येईन? मी पाह्यलं, चहा. सूत्र आलं! असं धडाधडा आलं का माहं मलेच कौतुक वाटलं. स्टेपा पडल्या, लॉग घेतला, अन् कॅल्क्युलेटरवर काय, तं 'मॅथ एरर'. लॉगच्या पोटात मायनस घुसला होता. आता मायनसचं आपण काय करतो? खाऊन टाकतो. लपवाचं नाही म्हणल्या होत्या, म्हणून मी मोठ्यानं सांगितलं, मॅडम, आता मी मायनस खाऊन राह्यलो. खाल्ला. उत्तर आलं, पस्तीस पूर्णांक दोन मिनिटं. खाली दोन रेघा मारल्या. याच्यात माहं काय चुकलं, सांगा?

मॅडमनं त्या रेघा पाह्यल्या. माह्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणल्या, 'हे पाणी किती वेळात थंड होईल?'

'थंडं? मॅडम, सकाळी थंडं होतं, आता कोमट झालं. दुपारून चहापत्ती टाकली तं चालन.'

'ठेवून दिलं तर?'

'खोलीच भट्टी आहे, तं पाणी कुठून थंडं होईन?'

'आणि चहा?'

'चहा पस्तीस मिनिटात.'

'का बरं?'

'चहाले सूत्र आहे ना मॅडम. बाटलीले नाही.'

मॅडमचा पेन थांबला. मी त्याइच्याकडे पाह्यलं, बाटलीकडे पाह्यलं, कागदाकडे पाह्यलं... अन् मंग माह्या डोक्यात उजेड पडला. चव्वेचाळीसच्या खोलीत चहा चाळीसवर येईनच कसा? खरं सांगतो, मले लाज वाटली. वीस वर्षं या उन्हात वाढलो, अन् कागदावर चहा दिसला का ऊन विसरलो! मॅडमनं समजावलं, 'उत्तर आलं की पेन खाली ठेव. स्वतःला विचार, माझ्या खोलीत, माझ्या गावात असं होतं का? होत नसेल तर तसं लिहायचं धाडस कर.' मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. सागरले वाचून दाखवलं. तो म्हणे, 'जास्त डोकं नको लावू बे, परीक्षा आहे.'

मंग परीक्षा आली. मे महिना. पंखा चालू, पण गरम हवा फेकून राह्यला. पेन हातातून घसरून राह्यला. प्रश्न चौथा, सात मार्काचा, वाचला अन् काय सांगू, चहाच! चहा नव्वद अंशावर, दहा मिनिटात पंचावन्नवर, तं तीसवर केव्हा येईन? खोलीचं तापमान... वीस अंश.

वीस? मी पेन खाली ठेवला. मी वर पंख्याकडे पाह्यलं. मी स्वतःले विचारलं, प्रेमानंद, तुह्या खोलीत वीस आहे का? नाही. तुह्या गावात आहे का? नाही. मे महिन्यात तीसवर चहा येते का? बाप्पा, नळाचं पाणी येत नाही! मी म्हटलं, पकडलं! सूत्र डोळ्यासमोर नाचत होतं, पण मी धाडस केलं. एका ओळीत लिहिलं, 'हा चहा थंड होणार नाही.' खाली दोन रेघा.

पाच मार्कानं राह्यलो.

सागरले सातपैकी सात. तो म्हणे, 'मी तं वाचलंच नाही बे, चहा दिसला का सूत्र टाकलं.' सरांकडे गेलो, तं सर म्हणे, 'पेपर विद्यापीठाचा आहे, तुझ्या खोलीचा नाही.' मॅडमले फोन लावला. त्या पहिले हसल्या, मंग हळूच विचारलं, हे मी माझ्या प्रबंधात घेऊ का? घ्या म्हटलं. तुमी तरी पास व्हा.

घरी येऊन बाबाइले सांगितलं. त्याइनं सगळं ऐकून घेतलं अन् म्हणले, 'मंग बरोबरच तं लिहिलं तू. मे महिन्यात वीस कुठं राहते?' अख्ख्या जगात माह्या बाजूनं एकच माणूस, अन् तो चौथी पास!

आता वर्षभर घरी. नोव्हेंबरात हिवाळी परीक्षेले बसून राह्यलो. विचार करून सोडवाचं का न वाचताच सोडवाचं, मले अजून काही समजून नाही राह्यलं. पण एक बरं आहे... तवा मलकापुरात बी चहा थंडा होते.