वतनाचा रकाना

नव्याण्णव साली बडोद्यात रहिवासी दाखल्याच्या रांगेत वसुंधराबाईंच्या पुढे मुकुंदराव उभे होते. गुजराती कारकुनाने त्यांचा फॉर्म परत सरकवला.

"काका, मूळ वतनमां बडोदा लिहिलंत. मूळ गाम लखो ने."

"बडोदंच."

"पण तुम्ही मराठी. महाराष्ट्रात गाव असेल ना?"

"असेल. खापरपणजोबांनी सोडलं, मी पाहिलेलंही नाही. तुमचं वतन कुठलं?"

"मेहसाणा."

"इथं कधी आलात?"

"एक्याण्णवमध्ये, बदली होऊन."

"दिवाळीला कुठं जाता?"

"गामडे. दुसरीकडे कुठं जाणार?"

"जाता, म्हणून ते तुमचं वतन. आमची दिवाळी पाच पिढ्या इथल्या पाणीगेटलाच झाली. आणि गेलेल्या चारही पिढ्यांच्या अस्थी चांदोदला नर्मदेत सोडल्यात. आता तुम्हीच सांगा, कुठलं गाव लिहू?"

कारकुनाने शिक्का मारला.

"आवजो, काका. बेन, तमारो फॉर्म?"

वसुंधराबाईंनी फॉर्म पुढे केला नाही. वतनाच्या रकान्यात त्यांनी सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं रत्नागिरी लिहिलं होतं. यजमानांच्या अस्थी घेऊन मात्र त्या गेल्या मार्गशीर्षात चांदोदलाच गेल्या होत्या.

"थांबा भाऊ," त्या पेनाचं टोपण काढत म्हणाल्या, "एक गाव खोडायचंय."