चुकांच्या वहीतली एक ओळ

आदरणीय अध्यक्ष महोदय, संस्थेच्या कार्यवाह बाई, व्यासपीठावरचे विश्वस्त, आजचे सत्कारमूर्ती आमचे मोठे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकू, इतर भाषांच्या वर्गांचे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे भिंतीला टेकून उभे असलेले आमच्या अरबीच्या वर्गाचे नऊ विद्यार्थी, सर्वांना नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या वक्त्यांनाही दहाच दिली होती, पण तो विषय आपण सोडून देऊ. मी या संस्थेतल्या धाकट्या बाई. वय अठ्ठेचाळीस, तरी धाकटीच, कारण मोठे सर होते. सरांच्या कार्याविषयी मी दोन शब्द बोलावेत असं पत्रिकेत छापलं आहे. सरांचं कार्य म्हणजे अरबी क्रियापदं, तेव्हा मी क्रियापदांविषयीच बोलेन. चहाची घाई असलेल्यांनी घाबरू नये, सगळे प्रकार सांगत नाही.

एकवीस वर्षांपूर्वी मी एका जहाज कंपनीत टेलिफोनवर बसत होते. पलीकडून रोज अरबी कानावर यायचं आणि मी "थांबा, जोडून देते" एवढंच म्हणायची. शेवटी वैतागून इथल्या साडेसहाच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर तीन अक्षरं काढली, क, त आणि ब. म्हणाले, लिहिण्याचं सगळं घराणं या तिघांत राहतं. कतब, त्याने लिहिलं. यक्तुबु, तो लिहितो. उक्तुब, लिही. एक झालेलं, एक चालू असलेलं आणि एक सांगून करवून घ्यायचं. मग त्यांनी धडधाकट आणि आजारी असे दोन गट पाडले. ज्यांची तिन्ही अक्षरं कुठलंही रूप चालवलं तरी जागेवर राहतात, ती धडधाकट. ज्यांतलं एखादं अक्षर मध्येच बदलतं किंवा गळून पडतं, ती आजारी. हे नाव अरबी व्याकरणकारांनीच ठेवलंय, माझ्यावर घेऊ नका. वर्ग कंटाळून सुस्कारा टाकायचा, तेव्हा सर म्हणायचे की आजाऱ्यांवर चिडू नका, म्हणणं, असणं, येणं, झोपणं, पोहोचणं, माणसाला रोज लागणारी सगळी त्यातलीच आहेत.

आणि टेबलावर एक वही असायची, कापडी पुठ्ठ्याची. ही बघा, आज सोबत आणली आहे. वर्गाचा नियम असा होता की ज्याची क्रियापदात चूक होईल त्याने उठून यायचं, तारीख घालायची, काय चुकलं ते लिहायचं, काय हवं होतं ते लिहायचं आणि खाली सही करायची. खोडायचं नाही. सॉरी म्हणायचं नाही. माफी मागून क्रियापद सुधारत नाही, असं सरांचं म्हणणं.

दुसऱ्या महिन्यात सरांनी 'म्हण' या हुकमाचं रूप फळ्यावर 'कूल' असं दीर्घ लिहिलं. मी हात वर केला. पुस्तकात 'कुल' होतं, मधलं अक्षर तिथे गळतं. टेलिफोनवाल्या बाईने मोठ्या सरांना अडवलं. सरांनी खडू ठेवला, बोटं पुसली, वही ओढली आणि नोंद करून सही केली. हे इथे अकराव्या पानावर आहे. ज्या माणसाला चाळीस जणांसमोर स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात लिहिता येते, त्याच्या मागून आपण डोळे मिटून जायचं, असं मी त्या दिवशी ठरवलं. चार वर्षांनी नोकरी सोडली आणि त्यांच्या हाताखाली शिकवायला लागले.

सरांनी मला काय दिलं हे सांगायला नको. आणि काकू, माझ्या आईच्या आजारपणात तुम्ही दोन महिने रोज डबा पाठवलात, ते मी विसरलेले नाही. पुढे जे बोलणार आहे त्याने तुम्हाला वाईट वाटेल. तुम्ही माझ्या घरच्यासारख्या आहात म्हणून आधीच सांगते.

मागे उभे असलेले आमचे वायरमन, जरा हात वर करा. हे परदेशी कामाला गेले ते कुठलासा सहा आठवड्यांचा बोलण्याचा वर्ग करून. साठ वाक्यं पाठ, क्रियापद एक माहीत नाही. जिन्याखालच्या बोर्डाजवळ सोबत्याने यांना अरबीत विचारलं, वीज बंद केलीस का? यांना म्हणायचं होतं, अजून नाही, आता करतो. 'बंद केली' आणि 'बंद करतो' यांतला फरक यांना शिकवलाच नव्हता, तोंडात आलं ते 'केली'. सोबत्याने तारेला हात घातला. माणूस वाचला, तळहात जळला. हे परत आले, आमच्या वर्गात बसले, आणि पहिल्याच संध्याकाळी न सांगता उठून या वहीत ती नोंद केली. ती वाचताना सरांचे डोळे भरून आले होते. मी शेजारीच होते.

आता मूळ मुद्दा. गेल्या वर्षी कुणकुण लागली की संस्था आमच्या तीन वर्षांच्या वर्गाचं तिसरं, क्रियापदांच्या सरावाचं वर्ष बंद करणार आणि इथेही सहा आठवड्यांचा, साठ वाक्यांचा वर्ग काढणार. मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "मी आहे ना. तुम्ही शिकवत राहा." दर सोमवारी मी विचारायची, दर सोमवारी सर म्हणायचे की बोलतोय मी विश्वस्तांशी. त्या भरवशावर मी या नऊ जणांना शब्द दिला. त्यांच्यातल्या परिचारिका बाईंना परदेशी दवाखान्यातून बोलावणं आलं होतं. रुग्णाला औषध दिलं, देतेय की द्यायचंय हे नीट सांगता आल्याशिवाय जाणार नाही म्हणाल्या, आणि तिसऱ्या वर्षासाठी थांबल्या. ती जागा गेली.

पंधरा दिवसांपूर्वी कार्यालयाने मला सरांचं मानपत्र लिहायला सांगितलं, माझं अक्षर बरं आहे म्हणून. सेवेच्या तारखा हव्या होत्या, तेव्हा लिपिकांकडून मी सरांची फाइल मागून घेतली. त्यांना कोणी बोलू नये, त्यांनी फक्त फाइल दिली. तिच्यात सर्वांत वर सरांच्या हातचं, विश्वस्तांना लिहिलेलं पत्र होतं, अकरा महिन्यांपूर्वीचं. त्यात असं होतं: क्रियापदांच्या रटाळ सरावामुळे विद्यार्थी गळतात. संबंधित शिक्षिकेला वेळोवेळी समज देण्यात आली आहे, परंतु त्या हेकेखोर आहेत. तिसरं वर्ष बंद करून सहा आठवड्यांचा वर्ग सुरू करावा, निवृत्तीनंतर त्याचा सल्लागार म्हणून मी उपलब्ध असेन.

समज देण्यात आली. कोणी दिली? अशा क्रियापदाचा अरबीत वेगळा प्रकार आहे, ज्याचा कर्ता ठाऊक नाही असा. तो शिकवताना सर नेहमी बजावायचे की असं वाक्य दिसलं की आधी कर्ता शोधा, बहुतेक वेळा तो लिहिणाराच असतो. मला एकवीस वर्षांत कोणी समज दिलेली नाही. हेकेखोर मात्र आहे, ते कबूल.

तरी मला वाटलं, माणूस आहे, एखाद्या दिवशी भीतीपोटी लिहून गेला असेल. म्हणून काल शिक्षकांच्या खोलीत पत्राचं नाव न काढता त्यांना पुन्हा एकदा विचारलं, सर, तिसऱ्या वर्षाचं काय झालं? सर चष्मा पुसत होते. म्हणाले, "बोलतोय मी." अकरा महिन्यांपूर्वी होऊन गेलेली गोष्ट त्यांनी चालू काळात सांगितली. वायरमननेही काळच बदलला होता, उलट बाजूने, पण नकळत.

मराठीत याला केसाने गळा कापणं म्हणतात. मला राग आहे, आणि रागापेक्षा दुःख जास्त आहे. परक्याने लिहिलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. मानपत्र मी लिहिलं, आत्ता अध्यक्षांनी वाचलं तेच. त्यातला एकही शब्द खोटा नाही. सरांसारखा शिक्षक मी पाहिलेला नाही, आणि तरी हे पत्र त्यांचंच आहे.

अध्यक्ष महोदय, तुम्ही घड्याळ पाहताय, संपवतेच. उद्या अकरा वाजता विश्वस्तांची बैठक आहे. तिथे हे पत्र टेबलावर येणार आणि मोठे सरच असं म्हणतात म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार? माझी खुर्ची गेली तर मी पुन्हा टेलिफोनवर बसेन, माझा आवाज अजून चांगला आहे. या नऊ जणांचं वर्ष जाऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.

आता आभार. ध्वनिक्षेपक चालू ठेवणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि मला मध्येच न थांबवल्याबद्दल कार्यवाह बाईंचे मनापासून आभार. शेवटी चूकभूल पोटात घाला असं म्हणून खाली बसायची रीत आहे. पण मी ज्या वर्गात शिकले तिथे चूक पोटात घालत नाहीत, वहीत लिहितात. माझ्या दोन चुका आज सकाळी मी शेवटच्या पानावर लिहिल्या आहेत. डोळे मिटून विश्वास ठेवला, उघडे ठेवून ठेवायला हवा होता. खात्री न करता नऊ जणांना शब्द दिला, आधी खात्री करायला हवी होती. खाली सही आहे.

सहीखाली एक ओळ मोकळी सोडली आहे. सर, तुम्ही उठू नका, वही मीच तुमच्यापाशी आणते. माफी मागायची नाही, तुमचाच नियम आहे. तारीख घाला, काय चुकलं ते लिहा, काय हवं होतं ते लिहा. उद्या पत्राच्या शेजारी ही वही ठेवता येईल. पहिल्या दिवशी तुम्ही शिकवलेला हुकूम आज तुम्हाला परत करते.

उक्तुब, सर.