दानियल घरी येतोय

खांडबाऱ्याच्या फलाटावर आज ही गर्दी! नंदुरबारला निघालेली सुषमा कशीबशी बाकाच्या टोकाला टेकली. शेजारी एक आजी आणि तिची कॉलेजात शिकणारी नात बसल्या होत्या.

“प्रिस्किला, तुझ्या दानियलकाकाला वाचवणारा सुरतेचा डॉक्टर ‘सुसाईड’ म्हणाला. ते काय गं?”

“जीव देणं, आजी.”

“इंग्रजांचाच का शब्द?”

“लॅटिनमधून जुळवला त्यांनी, पावणेचारशेएक वर्षांपूर्वी. ‘सुई’ म्हणजे स्वतःचा, ‘साईड’ म्हणजे मारणं.”

“त्याआधी काय म्हणायचे?”

“स्वतःचा खून.”

“स्वतःचा म्हणजे कुणाचा?”

“ज्याचा त्याचा.”

“ज्याचा त्याचा? पोटात मी वाढवला, पोहायला मामानं शिकवला, गोवर आला तेव्हा अख्खा पाडा उशाशी बसला. आणि तो ज्याचा त्याचा?”

“शब्द मी नाही बनवला, आजी.”

“बनवणाऱ्याला माणसंच नसतील बिचाऱ्याला.”

“हळू बोल. गाडी आली बघ.”

“पोरांना ढोल लपवा म्हणावं! त्याला आधी कळता कामा नये.”

“एवढा मोठा ढोल लपवायचा कुठं?”

“तुझ्या मामीच्या पाठीमागं. तिथं मावेल.”

गाडी थांबली. भावाच्या खांद्यावर हात ठेवून दानियल उतरला आणि समोरचा अख्खा पाडा बघून जागीच उभा राहिला.

“आई, एवढी वरात? लग्न कुणाचंय?”

“कुणाचं नाही रे. तू आलास.”

मामीच्या पाठीमागून ढोल कडाडला.

गाडी नंदुरबारकडे निघूनही गेली. सुषमा फलाटावरच होती, एका हातात पिशवी, दुसऱ्यात आजीचा हात, आणि पाय ढोलाच्या तालावर.