सिंकखाली प्रोत्साहन

...अहो, लोकांनी नाक मुरडलं ना, तर मला चालतं. "प्लंबर कुठंय?" विचारतात, मी म्हणते "मीच", की माझ्या मागे डोकावून बघतात, खरा मागून येतोय का म्हणून. ते सोसवतं हो. पण प्रोत्साहन? तुम्हाला सांगते, प्रोत्साहन सोसणं महाकठीण.

परवाचंच घ्या. माझं पहिलं एकटीचं काम. ज्यांच्या हाताखाली मी शिकले, ते आमचे वस्ताद म्हणाले, "सिंकखालचा सांधा गळतोय. मला फोन न करता निस्तरलास, तर यापुढे एकटी कामं घे. फोन आला, तर पुन्हा माझी पिशवी उचलायची." आणि वस्तादांचा नियम असा, की सांधा बसवला की खाली वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, पाणी सोडायचं, अन् कागद कोरडा राहिल्याशिवाय ते घर सोडायचं नाही.

गेले. काकूंनी दार उघडलं आणि मला बघून त्यांना असं भरून आलं, असं भरून आलं... "अगंबाई, मुलगी! अहो, ऐकलंत का, मुलगी आलीय!" काका आले. शेजारच्या आजी आल्या. वरच्या मजल्यावरच्या वहिनी तर खुर्ची घेऊन आल्या. मी सिंकखालच्या कपाटात आडवी, काकांची बॅटरी थेट माझ्या डोळ्यांत, आणि आजी विचारतायत, "दमलीस का गं?" अहो आजी, अजून पाना हातात घ्यायचाय. काकू म्हणतात, "मी फडकं घेऊन उभी आहे हं, लागलं तर." प्रोत्साहन हो, दुसरं काय.

जुनी टेप खरवडली, नवी गुंडाळली, सांधा आवळला, कागद पसरला, पाणी सोडलं. कागदावर थेंब. बरं, होतं असं. पुन्हा उघडला, पुन्हा आवळला... पुन्हा थेंब. नंतर तर असा आवळला की सांध्याबरोबर दातही आवळले गेले, तरी टप्प. मग वहिनींचा हळूच आवाज, "प्रयत्न केलास ना, तेच महत्त्वाचं." तुम्हाला सांगते, त्या वाक्यानं रडूच यायचं बाकी राहिलं. माझ्या या कामापायी आईनं अख्ख्या गल्लीशी वाद घातले, आणि एका थेंबासाठी मी पुन्हा पिशवी उचलू? शेवटी फोन काढला. ओला कागद बाजूला सारायला उचलला, तर वास आला. फिनेलचा.

आता मला सांगा, नळाला फिनेल कधीपासून यायला लागलं? मान वळवून बघते, तर काकू कपाटात अर्ध्या आत वाकलेल्या, हात पुढे, हातात फरशीचं फडकं, न पिळलेलं, बरोबर सांध्यावर. आणि नजर माझ्यावर, कौतुकानं ओथंबलेली. प्रोत्साहन हो, दुसरं काय.

"काकू, ते फडकं बादलीत टाका." नवा कागद पसरला. पाणी सोडलं. वाट बघितली. कोरडा ठणठणीत. काकांनी तो कागद मजलाभर फिरवून दाखवला. वस्तादांना सांगितलं, तर ते "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून "हं" म्हणजे फार झालं. मी सुखानं झोपले.

काल सकाळी वस्तादांचं दुकान उघडलं, तर दारात काकू. काकांची जुनी पँट, कमरेला नाडी बांधलेली, हातात तेच फडकं. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही बघ. मला शिकव. जमेल ना गं मला या वयात?"

मी वस्तादांकडे बघितलं. ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? आता तू एकटी कामं घेतेस."

घ्या. म्हणजे आता प्रोत्साहन मीच द्यायचं. "जमेल काकू," म्हटलं, "न जमायला काय झालं?" पाना दिला त्यांच्या हातात. फडकं तेवढं काढून घेतलं.