सत्कारमूर्तींच्या हस्ते तेलभरणी

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे, आमच्या रेसिंग संघाचे व्यवस्थापक, नव्याने रुजू झालेले इंजिनप्रमुख, आणि माझं बोलणं आटोपल्याशिवाय ज्यांना चहा मिळणार नाही असे माझे सर्व सहकारी बंधू-भगिनींनो,

माझ्याबद्दल इथे एवढं चांगलं बोललं गेलं की मधे एकदा मी हयात आहे ना, याची चाचपून खात्री करून घेतली. अध्यक्षमहाराजांनी मला 'तेलाचा जाणकार' म्हटलं. मी त्यांचा ऋणी आहे. पण इंजिनात कोणतं तेल घालायचं हे ठरवणाऱ्या माणसाला ज्या दिवशी त्या तेलासाठीच घरी पाठवतात, त्या दिवशी हे विशेषण जरा टोचतं. असो. सत्काराच्या दिवशी रुसू नये.

पाहुण्यांना आमचा धंदा नवा आहे, म्हणून दोन शब्दांत सांगतो. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्ता, दोन गाड्या आणि जेमतेम नऊ सेकंद. वळण नाही, ब्रेक नाही, विचार करायला वेळ नाही. त्या नऊ सेकंदांत इंजिनच्या पोटात धातूवर धातू फिरत असतो आणि मधे असतो फक्त तेलाचा एक पापुद्रा. तेल जाड असेल तर पापुद्रा टिकतो, पण इंजिनची थोडी ताकद ते तेल ढवळण्यातच जाते. पातळ असेल तर गाडी मोकळी पळते, पण पापुद्रा कधी फाटेल याचा नेम नाही. आता तुम्ही विचाराल, मग पातळ तेलाच्या गाड्या जगात धावत नाहीत का? धावतात की. पण त्यांच्या बेअरिंगमधली फटच मुळात बारीक ठेवलेली असते. आपल्या इंजिनातली फट मी जाड तेलाच्या मापाने ठेवलेली आहे, आणि ती तशीच आहे. बदलायचं ठरलंय फक्त तेल.

बारीक मापाची बेअरिंग यायला दहा दिवस आहेत. अंतिम स्पर्धा उद्या आहे. उद्या हरलो तर हा संघ पुढच्या वर्षी नसेल, हे व्यवस्थापकांनी मला बंद खोलीत सांगितलं होतं, आणि बंद खोलीतलं बोलणं बाहेर काढल्याबद्दल मी त्यांची क्षमा मागतो. गेल्या वर्षी आपण दोन शतांश सेकंदांनी हरलो. ते दोन शतांश माझ्या तेलाच्या डब्यात होते, हे मला मान्य आहे. नव्या इंजिनप्रमुखांनी कागदावर दाखवलं की पातळ तेलाने तीन मिळतील. त्यांचं गणित चुकलेलं नाही. माणूस हुशार आहे, सरळ आहे, माझ्या पाठीमागे माझ्याविषयी वाईट बोललेला नाही. मलाच त्याच्यावर रागवायला काही सापडत नाही, हे माझं दुःख आहे.

तुम्ही मला हे भिंतीवरचं घड्याळ दिलंत. सुंदर आहे. याला सेकंदकाटा नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं. ज्याला शतांशांपायी घरी बसवलं, त्याला मिनिटांचं घड्याळ! निवडणाऱ्याच्या मनात तसं काही नसेल, मला माहीत आहे. हसा तुम्ही. मीही हसलो.

आता थोडं जुनं बोलतो. इथल्या पुढच्या दोन रांगांना ते ठाऊक आहे. चोवीस वर्षांपूर्वी आमची गाडी माझा थोरला भाऊ चालवायचा. दादा गाडीत आणि मी गाडीखाली, अशी आमची वाटणी होती. उपांत्य फेरीच्या आधी तो मला म्हणाला, "पातळ घाल रे. एवढा एकच दिवस." मी म्हणालो, "दादा, फट मोठी आहे." तो म्हणाला, "तुला सगळीकडे फटच दिसते." आणि हसला. तो हसला की मला नाही म्हणता यायचं नाही. मी घातलं. उपांत्य फेरी त्याने जिंकली, नाकभर फरकाने. मी नाचलो होतो हो, तिथे कठड्यावर उभा राहून नाचलो होतो. पुढच्या धावेत इंजिनचा दांडा पोट फोडून बाहेर आला, तेल त्याच्याच मागच्या चाकांखाली सांडलं, आणि गाडी भिंतीकडे वळली.

पुढचं सांगत नाही. त्याची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

ती आमच्या घरी वाढली. आज ती अठ्ठावीस वर्षांची आहे आणि ती तिथे, तिसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून बसली आहे. उद्या गाडी तीच चालवणार आहे. बाळा, अशी रागाने बघू नकोस, भाषण माझं आहे.

लोक म्हणतात, काका गेली चोवीस वर्षं जाड तेलाला चिकटून बसले, अनुभवी माणूस, मुरलेला माणूस. कसला अनुभव? मी घाबरलो होतो. चोवीस वर्षं घाबरलेलाच होतो, आणि तुम्ही त्याला जाणकारी म्हणत होतात.

मंगळवारी पातळ तेलावर चाचणी झाली. धाव झकास झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नेहमीप्रमाणे तेलाचा फिल्टर कापला, त्याचा कागद उलगडला आणि पांढऱ्या फडक्यावर उन्हात धरला. त्यात जे सापडलं ते या गोळ्यांच्या डबीत आहे. मागच्या रांगांना दिसणार नाही. ही तांबूस चकाकी आहे. बेअरिंगचा वरचा थर करडा असतो. तांबूस दिसलं, म्हणजे तो थर गेला. दादाचं इंजिन मी नंतर स्वतःच्या हाताने खोललं होतं. त्यातही हाच रंग होता.

मी ही डबी इंजिनप्रमुखांना दाखवली. ते म्हणाले, "नवं तेल जुनी घाण बाहेर काढतं." असंही होतं कधीकधी, खोटं नाही. व्यवस्थापकांना दाखवली. ते डबीचं झाकण लावत म्हणाले, "उद्या गाडीला तीन धावा काढू द्या. तीनच." आणि मग मी ती घेऊन घरी गेलो आणि जेवणाच्या टेबलावर पुतणीसमोर ठेवली.

तिने चकाकी बोटावर घेतली. तिला ती वाचता येते, मीच शिकवलंय. म्हणाली, "काका, किती धावा टिकेल?"

मी म्हटलं, "असं सांगता येत नसतं."

"तुला येतं. किती?"

"दोन."

उद्या तीन धावा आहेत, हे तुम्हा सर्वांना माहीत आहे.

ती म्हणाली, "गेल्या वेळी तू इंजिनाला पाच म्हणाला होतास, ते अकरा धावलं." मी म्हटलं, "ते जाड तेलावर." तिने बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाली, "काका, तू मला चोवीस वर्षं सांभाळलंस. गाडीतसुद्धा सांभाळूनच चालवायला लावलंस. मला एकदा जिंकायचंय रे." माझी पत्नी भांडी घासत होती, तिने नळ बंद केला नाही. ती आज इथे आली नाही. म्हणाली, "मी एकदा त्या कठड्याशी उभी राहून टाळ्या वाजवल्यात. तेवढ्या पुरे झाल्या."

कोणी म्हणेल, आयोजकांना कळवा. कळवलं. त्यांच्या नियमात गाडीचं वजन आहे, पट्टे आहेत, हेल्मेट आहे. चालकाला मान्य असेल तर कोणत्याही तेलाला हरकत नाही. आणि चालकाला मान्य आहे.

आपल्या गॅरेजची एक चांगली पद्धत आहे. निवृत्त होणारा माणूस आपलं शेवटचं काम सगळ्यांसमोर करतो. रंगाऱ्याने शेवटचा आकडा रंगवला होता, वेल्डरने शेवटचा सांधा जोडला होता, आपण कौतुकाने बघितलं होतं. आज कार्यक्रमपत्रिकेत सहाव्या क्रमांकावर छापलं आहे : 'सत्कारमूर्तींच्या हस्ते तेलभरणी.' खाली गाडी उभी आहे. डबा पातळ तेलाचा आहे. ज्याने पत्रिका छापली, त्याच्या हे ध्यानातही आलं नसेल.

मी नाही म्हणणार होतो. ठाम ठरवलं होतं. तर ही पोरगीच म्हणाली, "तू नाही भरलंस तर दुसरं कुणीतरी भरेल. तेल तेच असेल. मला तुझ्या हातचं हवंय." आता सांगा, याला काय उत्तर द्यायचं? दादाला नाही म्हणता आलं नाही, हिला कुठून म्हणू?

तेव्हा मंडळी, माझी एक विनंती आहे. उद्या मला खोटं ठरवा. तिसरी धाव संपवून तिने हेल्मेट काढलं आणि माझ्याकडे बघून वाकुल्या दाखवल्या, तर मी याच माइकवर येऊन सांगेन की या म्हाताऱ्याला तेलातलं ओ की ठो कळत नव्हतं, आयुष्यभर उगाच मिरवला. तुम्ही पोट धरून हसा. तसं होईल असं मला वाटत नाही. वाटावं म्हणून दोन दिवस प्रयत्न केला.

आपण सर्वजण वेळात वेळ काढून आलात, घड्याळ दिलंत, माझ्यासारख्या कटकट्या माणसाला इतकी वर्षं सहन केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. समारंभाच्या जागी बोलू नये ते बोललो असेन, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

चल बाळा, खाली जाऊ. नरसाळं मी सकाळीच धुऊन, पुसून ठेवलंय.